अवशेष उरतात कसे? दक्षिण फ्रान्समधल्या रोमन वाटेवर



आजचा विषय प्रवासाचा आहे, पण मी प्रवासवर्णन करणार नाही. मागच्या उन्हाळ्यात आम्ही घरचे पाच जण, म्हणजे मी, पत्नी, दोन मुलं आणि माझी आई, भाड्याची गाडी घेऊन दक्षिण फ्रान्समध्ये चार दिवस फिरलो. ओरांज या गावापासून निघालो, पाँ द्यू गार नावाचा जलसेतू पाहिला, तिथून नीम शहर, मग आंब्रुसुम नावाची एक छोटी जागा आणि शेवटी आर्ल. सगळं मिळून अंतर भरतं दीडशे किलोमीटरच्या आसपास. मुंबई-पुणे एवढंच म्हणा ना. पण एवढ्या पट्ट्यात रोमन काळाचं जे काही उभं आहे, तेवढं दाटीवाटीनं इटलीबाहेर फार थोड्या ठिकाणी सापडतं. या प्रदेशातल्या काही भागाचं आजचं नाव प्रोव्हान्स. हे नावच मुळात 'प्रोव्हिन्किया' या लॅटिन शब्दावरून आलं. त्याचा अर्थ प्रांत. रोमनांचा प्रांत.

आता या प्रत्येक ठिकाणी माहितीफलक असतो आणि मार्गदर्शक असतो. दोघंही साधारण एकच वाक्य सांगतात : ही वास्तू दोन हजार वर्षं इथे उभी आहे. वाक्य खरं आहे. पण त्यामुळे आपली अशी समजूत होते की रोमनांनी ती बांधली, मग रोमन गेले, आणि मग ती तशीच एकटी उभी राहिली, आपण तिकीट काढून येईपर्यंत. मधल्या दीड हजार वर्षांत काय झालं, हे आपण विचारतच नाही. आज मला एवढंच विचारायचं आहे. हे दगड उरले कसे? आणि ज्या रूपात आपण ते पाहतो, ते रूप त्यांना कुणी दिलं?

पहिल्यांदा रस्त्याबद्दल थोडं बोलू, कारण रस्त्याशिवाय यातलं काहीच कळत नाही. इसवी सनापूर्वी १२१ च्या सुमारास रोमनांनी हा भाग जिंकला. मग इ. स. पू. ११८ च्या सुमारास ग्नेयस डोमिटियस अहेनोबार्बस या रोमन सेनापतीनं इटली आणि स्पेन यांना जोडणारा रस्ता बांधायला घेतला. त्याच्याच नावावरून त्याला व्हिया डोमिटिया म्हणतात. गॉलमधला, म्हणजे आजच्या फ्रान्समधला हा पहिला मोठा रोमन रस्ता. सैन्य न्यायचं, कर आणायचा, निरोप पाठवायचे, ही त्याची मूळ कामं. दर रोमन मैलाला एक दगड असे. रोमन मैल म्हणजे साधारण १४८० मीटर, हजार दुहेरी पावलं.

गंमत बघा. इटलीत व्हिकारेल्लो नावाच्या ठिकाणी, एका गरम पाण्याच्या झऱ्यात, १८५२ मध्ये चांदीचे चार पेले सापडले. आकार मैलाच्या दगडासारखा. आणि त्यांच्यावर कोरलंय काय, तर स्पेनमधल्या कादिसपासून रोमपर्यंतच्या मुक्कामांची यादी, प्रत्येक टप्प्याच्या अंतरासकट. त्या यादीत नीम आहे, आंब्रुसुम आहे, आर्ल आहे. आमच्या गाडीतल्या फोनवर जी नावं एकामागून एक येत होती, तीच नावं चांदीच्या पेल्यावर आहेत. मुलांना हे सांगितल्यावर पुढचा अर्धा तास गाडीत शांतता होती. ज्यांनी लहान मुलं घेऊन लांबचा प्रवास केलाय त्यांना याची किंमत कळेल. (हशा)

आता ओरांज. रोमन नाव आराउसिओ. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात दुसऱ्या गॅलिक लीजनच्या निवृत्त सैनिकांना वसवण्यासाठी ही वसाहत झाली. इथलं रोमन थिएटर जगप्रसिद्ध आहे ते त्याच्या भिंतीमुळे. रंगमंचामागची मूळ भिंत पूर्ण उंचीची शाबूत आहे : लांबी १०३ मीटर, उंची ३७ मीटर. म्हणजे दहा-बारा मजली इमारतीएवढी. मधल्या कोनाड्यात सम्राटाचा पुतळा आहे, सुमारे साडेतीन मीटरचा, तुकडे जोडून उभा केलेला. माझी मुलगी सगळ्यात वरच्या पायरीवर जाऊन बसली आणि खालून धाकट्यानं साध्या आवाजात तिचं नाव घेतलं. तिला ऐकू गेलं. भिंतीचं काम काय, हे वेगळं समजावून सांगायची गरज उरली नाही.

पण थिएटरसमोरच्या छोट्या संग्रहालयात बरेच लोक जात नाहीत. तुम्ही गेलात तर नक्की जा. तिथे संगमरवरी पाट्यांचे तुकडे आहेत. हा रोमनांचा जमिनीचा नकाशा आहे, चक्क दगडावरचा सातबारा. सम्राट व्हेस्पासियनच्या काळात, इसवी सन ७७ मध्ये, सार्वजनिक जमिनी लोकांनी परस्पर बळकावल्यात म्हणून फेरमोजणी झाली आणि तिचा तपशील सर्वांना दिसेल असा लावला गेला. सगळा मुलूख चौकोनांत आखला होता. एका चौकोनाची बाजू साधारण ७१० मीटर, क्षेत्र सुमारे ५० हेक्टर. कुठली जमीन निवृत्त सैनिकांना दिली, कुठली खंडानं लावली, हे त्यावर लिहिलेलं आहे. आणि काही चौकोनांत लिहिलंय : ही जमीन त्रिकास्तिनींना परत. त्रिकास्तिनी म्हणजे इथली मूळ स्थानिक जमात. जमीन त्यांचीच होती. आधी ती घेतली गेली आणि मग त्यातली काही त्यांना 'परत' मिळाली, बहुतेक हलक्या प्रतीची. समोरची ती भव्य भिंत आणि ही पाटी एकत्र पाहावी. भिंतीचा पैसा कुठून आला, हे पाटी सांगते.

आता प्रश्न असा की ओरांजचं थिएटर वाचलं कसं? १७ व्या शतकात हे गाव नासाऊ घराण्याच्या, म्हणजे हॉलंडच्या राजघराण्याच्या ताब्यात होतं. आजही त्या घराण्याच्या नावात ओरांज आहे, ते या गावाचं. त्यातल्या मॉरिस या राजपुत्रानं टेकडीवर मोठा किल्ला बांधला आणि त्यासाठी गावातल्या रोमन इमारती फोडून दगड नेले. थिएटरची भिंत मात्र संरक्षणाला उपयोगी होती, म्हणून ती राहिली. गावाच्या उत्तरेच्या टोकाला तीन कमानींचं रोमन विजयतोरण आहे. तेही राहिलं, कारण मध्ययुगात त्याच्यावर बुरूज चढवून त्याची गढी केली होती. म्हणजे जे कामाचं होतं ते टिकलं आणि जे बिनकामाचं होतं ते दुसऱ्या कुणाच्या तरी भिंतीत गेलं. हे सूत्र लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ओरांजहून चाळीसेक किलोमीटरवर पाँ द्यू गार. फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिला असेल. गार्दाँ नदीवर कमानींचे तीन मजले. खाली ६, मधे ११ आणि वर आता ३५ कमानी. उंची सुमारे ४९ मीटर. काही दगड सहा टनांचे, आणि खालच्या मजल्यांचे दगड चुन्याशिवाय, नुसते एकमेकांवर घट्ट बसवलेले. पुलाच्या दर्शनी भागावर दगड बाहेर आलेले दिसतात. बांधताना लाकडी मांडव टेकवायला ते ठेवले होते आणि नंतर कुणी तासून काढले नाहीत. कामगारांचा हात असा दिसतो.

पण हा पूल म्हणजे मुख्य काम नव्हे. मुख्य काम आहे कालवा. युझेस गावाजवळच्या झऱ्याचं पाणी नीम शहरात आणायचं होतं. सरळ रेषेत अंतर वीसेक किलोमीटर. मधे डोंगर. म्हणून कालवा वळसे घेत गेला, सुमारे ५० किलोमीटर. आणि या ५० किलोमीटरमध्ये उतार किती? साधारण साडेबारा मीटर. म्हणजे किलोमीटरला सरासरी २५ सेंटीमीटर, एक वीत आणि वर दोन बोटं. पंप नाही, काही नाही, पाणी केवळ उतारानं चालतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यावर हे काम झालं, असं आज मानलं जातं. नीममध्ये हे पाणी जिथे पोचायचं तो गोल हौद १८४४ मध्ये सापडला. त्याचा व्यास सुमारे साडेपाच मीटर, आणि कडेच्या भिंतीत दहा भोकं, शिशाच्या नळांसाठी. आपल्यातल्या पुणेकरांना कात्रजहून आलेलं पेशवेकालीन पाणी आणि पेठांमधले हौद आठवतील. विचार तोच.

आता कालव्याच्या आत बघा. पाणी चुनखडीचं, त्यामुळे भिंतींवर थर बसत गेले, काही ठिकाणी दोन्ही बाजूंनी हातभर जाड. सुरुवातीचे थर स्वच्छ आहेत. नंतरच्या थरांत माती, मुळं यांचा गाळ मिसळलेला आढळतो. का? कारण कालवा साफ करणारी माणसं हळूहळू कमी झाली. साम्राज्य कसं ढासळलं याची आपण लढायांमधून, राजांच्या नावांतून उत्तरं शोधतो. इथे ते उत्तर गटार साफ न केल्याच्या खुणेत मिळतं. शतकांनंतर कालवा बंद पडला. मग आसपासच्या लोकांनी काय केलं? कालव्याचे दगड नेले, आणि तो जमलेला चुन्याचा थरही चिरे काढून बांधकामाला वापरला. ५० किलोमीटरपैकी आज जमिनीवर दिसणारा भाग फार थोडा आहे.

मग पूल का राहिला? कारण लोकांनी त्याला दुसरं काम दिलं. नदी ओलांडायला पूल हवाच होता. मध्ययुगात मधल्या मजल्याचे खांब एका बाजूनं कोरून काढले आणि गाड्या जाण्याएवढी वाट केली. पुलावर जकात बसली. जकातीचं उत्पन्न होतं म्हणून डागडुजी होत राहिली. आणि त्याच कोरण्यामुळे पूल एका बाजूला कमकुवतही झाला. शेवटी १७४३ ते १७४७ मध्ये अभियंता आंरी पितो यानं रोमन पुलाला खेटून नवा रस्त्याचा पूल बांधला. आज आपण चालतो तो या पितोच्या पुलावरून. भिंतीवर पाथरवटांची नावं आणि हत्यारांची चित्रं कोरलेली दिसतात. काम शिकत देशभर फिरणारे कारागीर इथे मुद्दाम यायचे आणि आपली खूण ठेवायचे. आमच्या धाकट्यानं विचारलं, 'यांना कुणी ओरडलं नाही?' प्रश्न बरोबर आहे. त्या काळी तो रागावण्याचा विषय नव्हता, कारण तोवर ते 'स्मारक' झालंच नव्हतं.

पुढचं शहर नीम. आपल्या कडुनिंबाशी काही संबंध नाही, आधीच सांगतो. (हशा) रोमन नाव नेमाउसुस, स्थानिक झऱ्याच्या देवतेचं. इथल्या रोमन नाण्यांवर ताडाच्या झाडाला साखळीनं बांधलेली मगर आहे, ऑगस्टसनं इजिप्त जिंकल्याची खूण. तीच मगर आज शहराचं चिन्ह आहे. रस्त्यात बसवलेल्या पितळी बिल्ल्यांवर ती जागोजाग दिसते. मुलं बरोबर असतील तर मगरी मोजायला सांगा, शहर आपोआप पाहून होतं.

नीममध्ये मेझाँ कारे नावाचं रोमन मंदिर आहे. त्याचा दर्शनी भाग इतका पूर्ण आहे की नवा वाटतो. हे मंदिर कुणाचं, हे शतकानुशतकं माहीत नव्हतं, कारण दर्शनी पट्टीवरची कांस्य अक्षरं कधीच चोरीला गेली होती. राहिली होती फक्त अक्षरं ठोकलेल्या खिळ्यांची भोकं. १७५८ मध्ये झाँ-फ्रांस्वा सेगिए या स्थानिक विद्वानानं त्या भोकांच्या मांडणीवरून अक्षरं ओळखली आणि लेख वाचला. मंदिर गायस आणि लुसियस यांना अर्पण केलेलं होतं. ऑगस्टसचे हे नातू, त्यानं दत्तक घेतलेले, आणि दोघंही तरुणपणी वारले. भोकं वाचून काढलेला इतिहास! मला तरी इतिहासकाराच्या कामाचं याहून चांगलं उदाहरण माहीत नाही.

आता हे मंदिर टिकलं कसं? त्याच्या नोकऱ्यांची यादीच सांगतो. मध्ययुगात ते नगरसभेचं घर होतं. नंतर कुणाचं तरी राहतं घर. मग तबेला. मग ख्रिस्ती साधूंचं चर्च. राज्यक्रांतीनंतर जिल्ह्याची कचेरी आणि दफ्तरखाना. मग संग्रहालय. दर वेळी छप्पर गळलं की दुरुस्त करायला कुणीतरी मालक होता. दरम्यान अमेरिकेच्या थॉमस जेफरसननं याच इमारतीवरून व्हर्जिनिया राज्याच्या विधिमंडळाचा आराखडा घेतला. २०२३ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली. पण तबेला आणि दफ्तरखाना झाली नसती, तर त्या यादीत जायला ती उरलीच नसती.

नीमहून नैर्ऋत्येला तीसेक किलोमीटरवर आंब्रुसुम. पेल्यावरच्या यादीतला हा मुक्काम. इथे घोडे बदलायची सोय होती. आजच्या महामार्गावरच्या विश्रांतीस्थानालाही याच गावाचं नाव दिलंय, म्हणजे जागेचं काम दोन हजार वर्षांनी पुन्हा तेच. टेकडीवर जुना फरसबंदी रस्ता आहे आणि त्यावर गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या. आई तिथे थांबली आणि म्हणाली, 'चाकोरी म्हणतात ती ही.' आपण चाकोरीबद्ध आयुष्य म्हणतो, शब्द वापरतो, पण बैलगाडीची चाकोरी आमच्या मुलांनी पाहिलेली नव्हती. ती त्यांना फ्रान्समध्ये दिसली.

टेकडीखाली विदूर्ल नदीत व्हिया डोमिटियाचा पूल आहे. खरं तर पूल नव्हता झाला म्हणायचं. प्रवाहाच्या मधोमध एकच कमान उभी आहे, दोन्ही बाजूंना काही नाही. चित्रकार गुस्ताव्ह कूर्बे यानं १८५७ मध्ये तिचं चित्र काढलं तेव्हा कमानी दोन होत्या. १९३३ च्या पुरात एक गेली. आता तुलना करा. पाँ द्यू गार आणि हा पूल, दोन्ही रोमन, दोन्ही एकाच मुलखातले, दोन्ही नद्या पुरासाठी बदनाम. एक जवळजवळ पूर्ण, दुसऱ्याची एक कमान. फरक बांधणीत थोडा असेल, पण मोठा फरक असा की इथला रस्ता मध्ययुगात दुसरीकडून वळला. पूल बेकार झाला. बेकार पुलाला डागडुजी नाही, आणि त्याचे चिरे मात्र सगळ्यांना हवे.

शेवटचा मुक्काम आर्ल, रोन नदीकाठचं बंदर. इथलं अ‍ॅम्फीथिएटर इसवी सन ९० च्या सुमाराचं आहे : १३६ मीटर लांब, १०७ मीटर रुंद, वीसेक हजार प्रेक्षकांचं. नीममध्येही असंच एक आहे, साधारण याच मापाचं. ग्लॅडिएटरांच्या झुंजी, जनावरांच्या शिकारी, सगळं इथे चाले. खेळ बंद पडल्यावर, हल्ले सुरू झाल्यावर, लोकांच्या लक्षात आलं की गावातली सगळ्यात भक्कम गोल भिंत हीच आहे. ते आत राहायला आले. कमानी बुजवल्या, वर टेहळणीचे मनोरे चढवले. त्यातले तीन आजही उभे आहेत. हळूहळू आत अख्खं गाव झालं. आर्लच्या अ‍ॅम्फीथिएटरमध्ये २१२ घरं आणि दोन चॅपेलं होती. नीमच्या रिंगणातही असंच, १८ व्या शतकात शेकडो लोक आत राहत होते. कमानीची खोली झाली होती, पायऱ्यांचा पाया झाला होता, आणि जिथे माणसं मरत होती त्या वाळूवर बाजार भरत होता.

हे जुन्या चित्रांमध्ये पाहायला मिळतं. मी फोनवर असं एक चित्र आईला दाखवलं. धुराडी, उतरती छपरं, एकमेकांना टेकलेली घरं, आणि भोवती रोमन कमानींचं कडं. आम्ही बसलो होतो ते मात्र रिकामं, स्वच्छ रिंगण. तिनं चित्राकडे पाहिलं, समोर पाहिलं आणि विचारलं, 'मग ही माणसं गेली कुठे?'

उत्तर असं आहे. नीममध्ये १७८६ मध्ये आतली घरं पाडायला सुरुवात झाली, राज्यक्रांतीमुळे काम थांबलं आणि १९ व्या शतकाच्या सुरुवातीला पूर्ण झालं. आर्लमध्ये १८२५ पासून महापौर बॅरन द शार्त्रूझ यांच्या पुढाकारानं घरं ताब्यात घेऊन पाडण्यात आली. १८३० पर्यंत रिंगण मोकळं झालं आणि तिथे पहिला जाहीर कार्यक्रम झाला. कसला? फ्रेंच सैन्यानं अल्जीअर्स जिंकलं त्याच्या आनंदात बैलांची शर्यत. हा योगायोग मला विचार करायला लावतो. अल्जीरियात फ्रेंच राज्यकर्ते पुढे शंभराहून अधिक वर्षं सांगत राहिले की आम्ही रोमचे वारस आहोत, रोम इथे होता म्हणून आमचाही हक्क आहे. आणि त्या दाव्याला शोभेल असा रोम घरच्या घरी तयार होत होता, मधली माणसं आणि मधली शतकं काढून टाकून. १८३४ मध्ये प्रोस्पेर मेरिमे ऐतिहासिक स्मारकांचे महानिरीक्षक झाले, १८४० मध्ये संरक्षित स्मारकांची पहिली यादी झाली, आणि आपण आज पाहिलेली बहुतेक ठिकाणं तिच्यात होती.

त्या २१२ घरांतल्या लोकांची नावं फलकावर नाहीत. ज्या सेनापतीनं रस्ता बांधला त्याचं नाव आपल्याला २१०० वर्षांनी माहीत आहे. ज्यांनी हजारभर वर्षं त्या भिंतीत चूल पेटवली, गळती बुजवली आणि त्यामुळे ती भिंत पडू दिली नाही, ते 'अतिक्रमण' म्हणून नोंदले गेले.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर व्याख्यान एकांगी होईल. ही घरं दाटीची, अंधारी होती, सांडपाण्याची सोय नव्हती. राहणाऱ्यांनी कमानी फोडल्या, दगड विकले. घरं तशीच राहिली असती तर आज रोमन रचना अभ्यासता आली नसती आणि आमच्यासारखी कुटुंबं तिथे गेलीच नसती. आर्लला आज जे पर्यटक येतात, त्यावर गावातली अनेक घरं चालतात. मोकळं करणाऱ्यांना खलनायक ठरवणं सोपं आहे, पण त्यांनी वाचवलंही खूप. माझी तक्रार वेगळी आहे. पाडण्याआधी त्यांनी मधला काळ नीट नोंदवला नाही. मध्ययुगातली ती घरं, चॅपेलं, गल्ल्या हाही इतिहासच होता, आणि तो परत मिळणार नाही. दोन हजार वर्षांतली पहिली चारशे ठेवली आणि उरलेली बरीचशी कचऱ्यात गेली.

म्हणून तुम्ही कुठल्याही अवशेषांपाशी मुलांना घेऊन जाल, तेव्हा तीन प्रश्न विचारायला सांगा. हे कुणी बांधलं, हा पहिला. तो फलकावर असतो. मधल्या काळात इथे काय चालायचं, हा दुसरा. त्यासाठी बुजवलेली कमान, नंतर चढवलेला मनोरा, कोरलेला खांब शोधावा लागतो. आणि हे आजच्या रूपात कुणी, कधी आणलं, हा तिसरा. माझ्या मुलीनं परतीच्या वाटेवर वहीत पाँ द्यू गारचं चित्र काढलं आणि शेजारी पितोचा पूलही काढला. फोटोत लोक तो कापून टाकतात. तिनं ठेवला.

वेळ झाली आहे. दोन प्रश्न घेऊ.

श्रोत्यांमधून : या भागाचा त्या काळी आपल्याशी काही संबंध होता का?

होता, आणि तो पोवळ्याचा होता. प्लिनी हा पहिल्या शतकातला रोमन लेखक. तो लिहितो की उत्तम पोवळं गॉलच्या समुद्रात, तिथल्या स्टोइकाडेस बेटांजवळ मिळतं, आणि भारतीयांना पोवळ्याची तितकीच ओढ आहे जितकी रोमन बायकांना भारतीय मोत्यांची. 'पेरिप्लस' या त्याच शतकातल्या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत भडोचला उतरणाऱ्या मालात पोवळं आहे, आणि तिच्यात आपलं कल्याण आणि सोपाराही आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी उत्खननात सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती तुम्ही पाहिली नसेल तर तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात जरूर पाहा. फ्रान्सला जायची गरज नाही.

श्रोत्यांमधून : मग आपल्याकडे जुन्या वास्तूंमध्ये लोक राहत असतील तर काय करायचं? राहू द्यायचं?

सरसकट उत्तर मी देणार नाही. हम्पीला विरूपाक्ष मंदिरासमोरच्या बाजारात, जुन्या दगडी मंडपांमध्ये लोक राहत होते, दुकानं चालवत होते. २०११ मध्ये ते सगळं पाडण्यात आलं. त्यावर दोन्ही बाजूंनी बोलणारे लोक आहेत. काही ठिकाणी हलवावंच लागेल, वास्तू पडत असेल तर. पण हलवण्याआधी तीन गोष्टी व्हाव्यात असं मला वाटतं. कोण, किती पिढ्या, कुठल्या भागात राहतंय याची नोंद. त्यांनी केलेल्या बदलांची मापं आणि फोटो. आणि त्यांना जवळच्या जवळ राहायला जागा. आर्लमध्ये १८२५ ला कॅमेरा नव्हता. आपल्याकडे आज प्रत्येकाच्या खिशात आहे, त्यामुळे निदान पहिल्या दोन गोष्टींसाठी कुणाची परवानगी मागायची गरज नाही. तुमच्या गावातल्या गढीत, वाड्यात, घाटावर कुणी राहत असेल तर या रविवारी जाऊन त्यांच्याशी बोला आणि लिहून ठेवा.